फुलपाखरू वाचवायला निघताना या चुका टाळा

संकटात सापडलेले एखादे फुलपाखरू वाचवायचे ठरले की लोक सर्वांत आधी कुंपणाच्या तारेचा हिशेब मांडतात, आणि वर्षानुवर्षे तेच पाहून मला वीट आला आहे. ब्रिटनमधील ‘लार्ज ब्लू’ या फुलपाखराचे काय झाले, हे तार घेण्यापूर्वी समजून घ्यावे. त्याची अळी सुरुवातीचे दोन-तीन आठवडे रानटी थाइम या सुगंधी वनस्पतीची फुले खाते. नंतर एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात आणि तेथे ती सुमारे दहा महिने मुंग्यांच्या अळ्यांवर वाढते. या मुंग्यांना उन्हाने तापणारी, खुरट्या गवताची जमीन लागते. काही ठिकाणी संरक्षणासाठी कुंपणे घातली आणि चराई थांबली. १९५० च्या दशकात रोगाच्या साथीने ससेही मेले. गवत वाढले, जमीन थंडावली आणि त्या मुंग्या नाहीशा झाल्या. कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी हे कोडे उलगडले, तोपर्यंत उशीर झाला होता आणि १९७९ मध्ये हे फुलपाखरू तेथून नामशेष झाले. १९८३ पासून ते स्वीडनहून आणून पुन्हा वसवता आले, तेही चराईने गवत आखूड राखलेल्या जमिनींवरच.

मी काम करत असलेल्या एका माळावरही गुराख्यांना असाच मज्जाव करण्यात आला. पहिल्या हंगामात फुले वाढली आणि सारे समाधानी झाले. तिसऱ्या हंगामात मी गुडघाभर गवत हाताने दुभंगून पाहिले, तेव्हा भर दुपारी खालची माती ओलसर आणि गार होती, अळीची खाद्यवनस्पती सावलीत पिवळी पडली होती आणि पानांमागे खसखशीच्या दाण्याएवढे एकही अंडे नव्हते. ‘ती फुलपाखरे गुरांच्या वाटेवरच असायची,’ हे एका वृद्ध गुराख्याने सांगितले. पहिल्या दिवशी त्यांना कोणी विचारलेच नव्हते. तेव्हापासून मी नकाशा उघडण्याआधी गुराख्यांबरोबर एक दिवस माळ चालतो.

दुसरी चूक म्हणजे फुलझाडे लावून काम झाले असे मानणे. मधुरस प्रौढ फुलपाखराला पुरतो, अळीला तिचे ठरावीक पानच लागते. पापुआ न्यू गिनीतील ‘क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग’ हे जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू सापसंदाच्या कुळातील वेलीवर वाढते. पाम तेलाच्या लागवडीसाठी जंगल तुटले की आधाराची झाडे जातात आणि त्यांच्यासोबत वेलही जाते. तेथील बहुतांश जमीन परंपरेने स्थानिक वंशसमूहांच्या मालकीची असल्याने त्यांच्या संमतीवाचून कोणतीही योजना टिकत नाही. माझ्या कामातही झाडांवरील वेली सरसकट छाटण्याआधी त्यांपैकी कोणती राखायची, हे मी तोडणी करणाऱ्यांना रंगाची खूण करून दाखवतो.

बांधावर तणनाशक मारू नये. संपूर्ण गवत एकाच दिवशी कापू नये. निदान एक पट्टा पुढच्या वेळेसाठी सोडावा. अधिवास सुधारण्याआधी पिंजऱ्यात वाढवलेली फुलपाखरे सोडण्याचा उतावळेपणा तर मला मुळीच मान्य नाही, कारण त्यांच्या माद्यांना अंडी घालायला पानच सापडत नाही. एकाच फेरीवरून संख्या ठरवू नये. ठरलेल्या वाटेने, ऊन असताना आणि वारा मंद असताना, संपूर्ण उड्डाणकाळात दर आठवड्याला मोजणी करावी.