कथास्पर्धेला कथा पाठवताय? आधी ती कुठे छापून आलीये का ते बघा

जानेवारी लागला की कॉलेजच्या ग्रुपवर कथास्पर्धांचे फोटो फिरायला लागतात. १४ ते २८ जानेवारी मराठीचा पंधरवडा, मग २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा वाढदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, या दीड महिन्यात जेवढ्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जाहीर होतात तेवढ्या बाकी वर्षभरात होत नसतील. आणि मग ज्युनिअर पोरापोरींचे मला मेसेज, ताई कथा वाच ना, पाठवू का. वाचते, पण आधी एकच विचारते, ही कुठे छापून आलीये का?

का विचारते ते सांगते. सेकंड इयरला मी एक कथा लिहिली होती, रात्रीच्या लाईटवर मोटर चालू करायला जाणाऱ्या बापलेकीची. आमच्या मराठीच्या सरांना ती इतकी आवडली की त्यांनी ती परस्पर कॉलेजच्या वार्षिकांकात टाकून दिली. वार्षिकांक सगळीकडेच उशिरा निघतो, त्यामुळे मी स्पर्धेला कथा पाठवली तेव्हा अंक प्रेसमध्येच होता, मला पत्ताच नाही, आणि निकालाच्या आधी तो वाटूनही झाला. मग आयोजकांचा फोन. आवाज एकदम गोड. कथा पहिल्या तिनात होती, पण ती तुमच्या वार्षिकांकात आल्याचं आम्हाला कुणीतरी कळवलंय. कुणी कळवलं ते अजून नक्की माहीत नाही, अंदाज आहे. मी भांडले, की वार्षिकांक वाचतं कोण, निम्मी पोरं तर त्यात फक्त आपला फोटो शोधतात. उपयोग शून्य. संपादक मंडळ आहे, अंक छापलाय, प्रती वाटल्यात, म्हणजे कथा प्रकाशित झाली, आणि नियमात अप्रकाशित लिहिलंय. विषय संपला. सरांचा राग मला आजही येतो, आणि मी लिहायला लागले ती त्यांच्यामुळेच, हेही तितकंच खरंय.

तर नीट ऐका, कारण यात अजूनही दरवर्षी कोणीतरी अडकतंच. वार्षिकांक, पेपरची पुरवणी, दिवाळी अंक हे तर झालंच. फेसबुकवर पब्लिक पोस्ट केलीत, इन्स्टावर दहा स्लाईड करून टाकलीत, प्रतिलिपी ॲपवर भाग पाडून टाकलीत, ब्लॉगवर टाकलीत, हे सगळं प्रकाशितच धरतात. काही नियमावल्यांमध्ये 'अप्रकाशित व अप्रसारित' असं असतं, म्हणजे आकाशवाणीच्या युववाणीत वाचलेली कथासुद्धा गेली. पोस्ट डिलीट करून चालत नाही, स्क्रीनशॉट मारणारे मित्रच असतात. कथेचं नाव बदलून पात्रांची नावं बदलून पाठवणं तर अजिबात नको, ती फसवणूक होते आणि परीक्षकांनाही गुगल वापरता येतं. आता घाबरू पण नका. मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर वाचायला दिली, वर्गात वाचून दाखवली, याने काही बिघडत नाही. भित्तिपत्रकाचं मात्र अधांतरी असतं, काही आयोजक चालवून घेतात, काही नाही. शंका असेल तर सरळ ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा, फोनवरच्या 'चालेल हो' ला नंतर कोणी ओळख देत नाही. आणि वार्षिकांक बघणाऱ्या सरांना किंवा मॅडमना आधीच मेसेज टाकून ठेवा की ही कथा स्पर्धेत आहे, निकालापर्यंत छापू नका. आगाऊपणा वाटेल, वाटू दे.

फाईल युनिकोडमध्येच टाईप करा, म्हणजे वेगळा फॉन्ट न टाकता कुठेही वाचता येते अशी. झेरॉक्सवाल्याकडून टाईप करून घेतली तर तो बहुतेक श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये करतो, त्याच्या कॉम्प्युटरवर झकास दिसते, आणि आयोजकांकडे तो फॉन्ट नसला की तुमच्या नायिकेच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि डॉलर. मोबाईलवर गुगलच्या कीबोर्डने केलेली फाईल दिसायला साधी असेल पण उघडते तरी. पीडीएफ केली की दुसऱ्याच्या मोबाईलवर उघडून बघा.

शब्दमर्यादा पाळा, दोन हजार म्हणजे दोन हजार. यात एक गंमत आहे, मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहायची असतात, 'घरासमोरच्या' हा एक शब्द. पण बरीच पोरं 'घरा समोरच्या' असं तोडून लिहितात, आणि मग शब्दही वाढतात आणि शुद्धलेखनाचे मार्कही जातात. नुसतं हे जोडून घेतलं तरी काही जणांची कथा मर्यादेत बसते. शुद्धलेखनाचे नियम एकूण १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, एका संध्याकाळी वाचून होतात, कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

नाव कथेच्या पानावर नको असं लिहिलं असेल तर फाईलच्या नावातही नको. बोनाफाईड शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका, ऑफिसातले क्लार्क बरोबर त्याच दिवशी रजेवर असतात.

आता खुद्द कथेचं. परीक्षकांपुढे गठ्ठा असतो आणि त्यातल्या कितीतरी कथा पहाटेपासून सुरू होतात, पक्षी किलबिलत असतात, आई चुलीपाशी असते. माझी पण तशीच होती. पहिला परिच्छेद अख्खा कापला आणि सुरुवात केली 'बापूंनी लाईटबिल देव्हाऱ्यात ठेवलं होतं' इथून, बाकी कथेला फार हात लावला नाही. तुमच्याही कथेत असं एखादं वाक्य दुसऱ्या तिसऱ्या पानावर पडून असतं, ते वर आणा. आणि कृपा करून शेतकरी आत्महत्येवर तिथपर्यंतच लिहा जिथपर्यंत तुम्ही घर बघितलंय. दुःख दाखवलं की नंबर येतो असं कोणीतरी पसरवलंय.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडू आहे. चांगला वाचक तुम्हाला सांगतो इथे मला कंटाळा आला. वाईट मार्गदर्शक तिथे स्वतःची वाक्यं घालून देतो, आणि तुम्हाला वाटतं वा, काय भाषा. दोन-तीन फेऱ्यांनी कथा त्यांची होते, मग बक्षीस मिळालं तरी स्टेजवर परीक्षकांनी काही विचारलं की तोंड उघडत नाही. एआयने लिहून घेण्याचंही तसंच, त्यातली माणसं कुठल्याच गावची वाटत नाहीत, आणि ज्याने सांगलीकडचं बोलणं ऐकलंय त्याला दुसऱ्या ओळीत कळतं.

प्रवेश फी मोठी आणि सहभागी सर्वांना ई-प्रमाणपत्र, असं दिसलं की मी तरी लांब राहते. ज्याला सीव्हीला लावायचंय त्याने भरावी.

शेवटची ओळ वाचायची राहून जाते ती म्हणजे 'साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील'. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कथेचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, तुमच्या सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. म्हणजे नुसत्या पोस्टरवरच्या ओळीने कथा जात नाही, पण प्रवेशिकेवर तुम्ही सही करता ना, तिथे तेच वाक्य बारीक अक्षरात असतं. एका स्पर्धेपुरतं, एका संग्रहात छापण्यापुरतं असेल तर बिनधास्त करा. 'कायमस्वरूपी सर्व माध्यमांसाठी' असेल तर तुमची सगळ्यात चांगली कथा तिथे देऊ नका, दुसरी द्या.

नंबर नाही आला तर ती कथा दिवाळी अंकाला जाऊ शकते, बरेच अंक जून-जुलैपर्यंत साहित्य घेतात. फक्त स्पर्धेचा निकाल लागेपर्यंत थांबा, दोन्हीकडे एकदम पाठवलीत आणि अंकवाल्यांनी आधी छापली तर मला फोन करून रडायचं नाही, मी ते भांडण एकदा करून बसलेय.