पतंगाने उचललेल्या कॅमेऱ्यातून छायाचित्रे घेताना या चुका टाळा

राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात कोरलेला एक हत्ती आहे. त्याची लांबी सुमारे १८ मीटर आहे आणि त्याच्या शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला तो हत्ती आहे हे सहसा उमगत नाही. पायाजवळ वळणे घेत गेलेले चर तेवढे दिसतात. कोकणातील अशी कातळशिल्पे पूर्ण पाहायची तर ती वरूनच पाहावी लागतात. त्यासाठी आज बहुतेक जण ड्रोन वापरतात, परंतु दुपारनंतर सड्यावर जो भरभरून वारा सुटतो त्यात लहान ड्रोनची बॅटरी वाऱ्याशी झगडण्यातच खर्च होते, तर पतंगाला तोच वारा हवा असतो. पतंग आवाज करीत नाही आणि तासन् तास एका जागी उभा राहतो. गेली काही वर्षे मी सड्यांवर आणि किनाऱ्यांवर पतंगाला कॅमेरा टांगून छायाचित्रे घेत आलो आहे. या काळात झालेल्या आणि इतरांच्या हातून होताना पाहिलेल्या चुका येथे लिहीत आहे, कारण त्यातील बहुतेक चुका कॅमेरा जमिनीवरून उचलला जाण्यापूर्वीच झालेल्या असतात.

पतंगाला केवळ वाहन समजणे

छायाचित्रकाराचे लक्ष कॅमेऱ्यावर असते आणि पतंग त्याला कॅमेरा वर नेणारे साधन वाटते. मुळात पतंग ही तिवई आहे. तिवई डगमगत असेल तर कोणत्याही कॅमेऱ्याचा उपयोग नाही. म्हणून पतंग उडवल्यावर किमान पंधरा मिनिटे त्याला काहीही न टांगता पाहत राहावे. तो एका जागी उभा आहे का, झोत आला की एकाच बाजूला झुकतो का, दोरीचा ताण सारखा आहे की मध्येच सैल पडतो, हे त्या पंधरा मिनिटांत कळते. ज्या दिवशी मला ही पंधरा मिनिटे जड वाटली, त्याच दिवशी माझा कॅमेरा पडला.

दुसरी चूक याच्याच पोटातली आहे, ती म्हणजे कॅमेरा थेट पतंगाला बांधणे. फ्रान्समधील लाब्रुग्येर येथे आर्थर बात्यू याने १८८८ मध्ये पतंगावरून पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा कॅमेरा पतंगाच्या मधल्या काठीवरच बसवलेला होता. त्याच्या काळी तो मोठाच पराक्रम होता, पण पतंगाची प्रत्येक थरथर अशाने कॅमेऱ्यात उतरते आणि पतंग गोता खाऊन आदळला तर कॅमेराही त्याच्याबरोबर आदळतो. कॅमेरा दोरीवर, पतंगापासून वीस ते तीस मीटर खाली टांगावा. एवढ्या अंतरात पतंगाचे हेलकावे बरेच शमतात, शिवाय कॅमेरा जमिनीजवळ असतानाच पतंग वरच्या स्वच्छ वाऱ्यात पोहोचलेला असतो.

कोणता पतंग घ्यावा, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. संक्रांतीचा कागदी पतंग चपळाईसाठी घडवलेला असतो. ढील दिली की गिरकी घेणे आणि खेच दिली की सुसाट निघणे हा त्याचा गुण आहे आणि आपल्याला नेमके त्याच्या उलट हवे असते. जपानी रोक्काकू, म्हणजे सहा कोनांचा, दोन आडव्या काठ्यांना धनुष्यासारखा बाक दिलेला पतंग या कामासाठी विश्वासाचा आहे. दोन मीटर उंचीचा रोक्काकू मध्यम वाऱ्यात अर्धा किलोचे ओझे सहज पेलतो. हा बाक कमी ठेवणे हीच नवशिक्यांची चूक असते: वारा वाढला की काठ्यांच्या दोऱ्या आणखी ताणून बाक वाढवावा, म्हणजे पतंग आपोआप सरळ राहतो. ओझे जास्त असेल तर एकाच पतंगाला वेठीस धरू नये. १९०६ च्या भूकंपानंतर सॅन फ्रान्सिस्कोचे उद्ध्वस्त शहर टिपताना जॉर्ज लॉरेन्स याने सुमारे २२ किलोचा कॅमेरा पतंगांच्या माळेने उचलला होता.

कन्नी चुकणे

पतंग नीट उडत नसेल तर दोष वाऱ्याला देण्यापूर्वी कन्नी, म्हणजे पतंगाच्या काठ्यांना मुख्य दोरीशी जोडणाऱ्या आखूड दोऱ्या, तपासावी. पतंग सतत एकाच बाजूला जात असेल तर कन्नीच्या डाव्या व उजव्या दोऱ्या समान लांबीच्या नाहीत असे समजावे. पतंग जमिनीवर ठेवून दोन्ही दोऱ्या एकत्र धरून मोजल्यास एवढासा फरकही हाताला लागतो. पतंग जोरात ओढतो, पण वर चढत नाही आणि दोरी जमिनीशी कमी कोन करते, याचा अर्थ मुख्य दोरीची गाठ फार खाली आहे. ती एकेक सेंटिमीटर वर, म्हणजे पतंगाच्या डोक्याकडे सरकवावी. उलट गाठ फार वर गेली तर पतंग डोक्यावर येऊन तरंगू लागतो आणि दोरी सैल पडते. गाठ एका वेळी एक सेंटिमीटरच सरकवावी. घाईने तीन-चार सेंटिमीटर सरकवणाऱ्याला शेवटी नेमके काय बदलले हे आठवत नाही.

वाऱ्याचा अंदाज चुकणे

जमिनीवर जाणवणारा वारा आणि पन्नास मीटरवरचा वारा वेगळा असतो. ताशी १५ ते ३० किलोमीटर हा सोयीचा पट्टा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ दुप्पट न होता चौपट होते, हे ज्यांना ठाऊक नसते त्यांचे हात भाजतात. हातमोजे घातल्याखेरीज दोरीला हात लावू नये.

झाडी, घरे किंवा टेकाड यांच्या मागे वारा फाटतो. अडथळ्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत हा गोंधळ टिकतो, त्यामुळे काजूच्या बागेच्या आडोशाला उभे राहून सावलीत पतंग उडवण्याचा मोह टाळावा. सड्यावर भर दुपारी आणखी एक अडचण येते. तापलेल्या कातळावरून गरम हवेचे लोट वर उठतात, त्यात सापडलेला पतंग अचानक डोक्यावर येतो आणि लोट संपला की सैल दोरीसह खाली येऊ लागतो. अशा वेळी दोरी झपाझप ओढून ताण परत आणावा लागतो. कोकणात खारा वारा दुपारनंतर स्थिर होतो आणि साधारण चार ते साडेपाच ही वेळ सर्वांत भरवशाची असते. मात्र सूर्य कलला की हा वारा थोड्या अवधीत पडतो. माझा कॅमेरा पडला तो असाच. आणखी दोन फोटो घ्यावेत म्हणून मी थांबलो, दोरीचा ताण हळूहळू कमी होत असल्याचे हाताला कळत असूनही मनाने मान्य केले नाही, आणि कॅमेरा करवंदीच्या जाळीत उतरला. सूर्यास्तापूर्वी अर्धा तास कॅमेरा खाली आणणे, हा नियम मी त्यानंतर मोडलेला नाही.

दोरी

काचेचा लेप दिलेला मांजा या कामासाठी कधीही वापरू नये. नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. त्याने पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जातात, आणि बंदी नसती तरी तो आपल्या कामाचा नव्हता, कारण तो आपल्याच दुसऱ्या दोरीला, पिशवीच्या पट्ट्याला आणि बोटांना कापतो. विणलेली पॉलिएस्टरची दोरी घ्यावी आणि तिची ताकद दोन मीटरच्या पतंगासाठी ९० किलोच्या आसपास असावी. हा आकडा अवास्तव वाटतो, परंतु साध्या गाठीमुळे दोरीची ताकद निम्म्यापर्यंत घटते, झोताच्या वेळी ओढ कित्येक पट वाढते आणि कॅमेऱ्याखाली कोणीतरी माणूस असू शकतो, या तिन्ही गोष्टी हिशेबात धरल्या की तो योग्य वाटू लागतो.

जांभा हा दोरीचा शत्रू आहे. त्याच्या छिद्रांच्या कडा कानशीसारख्या असतात. एकदा दोरी बांधण्यासाठी मी एका मोठ्या दगडाला वेढा दिला होता; तासाभराने पाहिले तेव्हा वळणावर दोरी कापसासारखी पिंजली होती आणि तिच्या आठ पदरांपैकी तीन तुटून बाहेर आले होते. आता दगडाभोवती आधी जाड कापडी पट्टा गुंडाळून त्या पट्ट्याला दोरी बांधतो. कोरीव चित्राच्या जवळ तर खुंटी ठोकणे, दगड हलवणे किंवा दोरी घासू देणे यांपैकी काहीच करू नये. हे चर हजारो वर्षे टिकले आहेत, ते आपल्या एका फोटोसाठी झिजता कामा नयेत.

टांगणी आणि कॅमेरा

कॅमेरा एकाच दोरीने लोंबकळत ठेवला तर तो भोवऱ्यासारखा फिरतो. फ्रान्समधील पिएर पिकाव्हे याने १९१२ च्या सुमारास यावर उपाय शोधला: मुख्य दोरीवर दोन ठिकाणी आधार घेऊन, एकाच अखंड दोऱ्याने कड्यांतून फिरवत कॅमेरा धरणाऱ्या चौकटीचे चारही कोपरे टांगायचे. दोरीचा कोन कितीही बदलला तरी चौकट आडवी राहते. येथे नेहमीची चूक म्हणजे मुख्य दोरीवरचे दोन आधार फार जवळ घेणे. त्यांच्यात सुमारे एक मीटर अंतर असावे, नाहीतर चौकट पुन्हा फिरू लागते. दुसरी चूक गुंत्याची आहे. चौकट पिशवीत तशीच कोंबली तर सड्यावर वाऱ्यात तो गुंता सोडवण्यातच अर्धी संध्याकाळ जाते; चारही कोपऱ्यांचे दोरे एका पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवावेत. याखेरीज कॅमेऱ्यापासून मुख्य दोरीपर्यंत एक स्वतंत्र सुरक्षा दोरी असलीच पाहिजे.

फोटो धूसर येत असतील तर कारण बहुधा शटरचा वेग असते. १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद वेग ठेवावा आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवावा लागला तरी वाढवावा. दाणेदार फोटोतील रेघ वाचता येते, हललेल्या फोटोतील येत नाही. फोकस दूरच्या वस्तूवर जुळवून हाताने कुलूपबंद करावा, कारण स्वयंचलित फोकस कधीकधी दोरीवर किंवा मोकळ्या आकाशावर अडकतो. दर पाच सेकंदांनी एक फोटो असे लावून ठेवले की अर्ध्या तासात ३६० फोटो मिळतात, आणि त्यांतील पंधरा-वीस कामाचे निघाले तरी दिवस सार्थकी लागला असे मी मानतो. कॅमेरा सोडण्यापूर्वी दोनदा क्लिक झाल्याचे कानाने ऐकावे. बात्यूलाही ही काळजी होती. शटर पडले की कागदाची पट्टी खाली पडेल अशी योजना त्याने केली होती.

फार उंच जाणे ही सर्वांत आकर्षक चूक आहे. २४ मिलिमीटरच्या भिंगाला समतुल्य अशी दृष्टी असलेला कॅमेरा ३० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहत असेल तर सुमारे ४५ बाय ३० मीटर जागा टिपतो, म्हणजे कशेळीचा हत्ती त्यात सहज मावतो. फोटो ४००० पिक्सेल रुंद असल्यास प्रत्येक पिक्सेलला एक सेंटिमीटरहून थोडी अधिक जमीन येते. तोच कॅमेरा १०० मीटरवर नेला तर एका पिक्सेलमध्ये पावणेचार सेंटिमीटर येतात आणि दोन बोटे रुंदीचा चर नाहीसा होतो. उंची मोजण्यासाठी दोरीवर दर दहा मीटरला रंगीत खूण करावी. दोरी ४५ अंशांत उभी असेल तर सुटलेल्या दोरीच्या सुमारे सात दशांश इतकी उंची मिळते. आणि प्रकाश तिरका हवा. माध्यान्हीच्या उन्हात उथळ कोरीव रेषा कातळात विरून जातात, तर पाचच्या सुमारास प्रत्येक चराची एक कड सावलीत जाते आणि चित्र उमटून येते.

पतंग गोता खाऊ लागला तर

येथे सहजप्रवृत्ती घात करते. पतंग जमिनीकडे झेपावला की माणूस दोरी ओढतो आणि त्यामुळे गोता अधिक जोराचा होतो. त्याऐवजी ढील द्यावी, पतंगाच्या दिशेने चालत जावे; ताण सुटला की तो सावरतो. मात्र ढील दिली की कॅमेराही खाली येतो, म्हणून तो कधीही जमिनीपासून पंधरा मीटरपेक्षा खाली रेंगाळू देऊ नये आणि त्याच्याखाली माणसे, गुरे किंवा रस्ता असू नये. विजेच्या तारा आसपास असतील तर ती जागाच सोडावी.

उतरवताना दोरी थेट फिरकीवर ताणात गुंडाळणे चुकीचे आहे. ताणातल्या वेढ्यांनी फिरकी चिरडते. दोरीचे टोक पक्के बांधून हातमोजे घातलेल्या जोडीदाराने दोरी बगलेत दाबत पतंगाकडे चालत जावे, आणि सैल झालेली दोरी मग गुंडाळावी. येवल्यातील आसारीसारखे मोठे, हलके चक्र यासाठी उत्तम आहे.

ड्रोन नाही, म्हणून परवानगी नको, असे समजू नये. १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येत पतंगाचा समावेश होता आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमातही तो आहे. जमिनीचा मालक, ग्रामपंचायत आणि स्थानिक पोलीस ठाणे यांना आधी कळवावे, संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी घ्यावी, आणि विमानतळ किंवा नौदलाच्या ठाण्याच्या परिसरात जाऊच नये.

घरी परतल्यावर दोरी खाऱ्या हवेने ओलसर झालेली असते. ती सावलीत वाळवावी आणि वापरलेला सर्व भाग एका हातात कापसाचा बोळा धरून त्यातून ओढून घ्यावा. जिथे कापूस अडकतो, तिथे दोरीचा पदर तुटलेला असतो; तेवढा तुकडा कापून टाकावा, मग तो फिरकीच्या अगदी मधोमध का असेना.