आपला लाडका रेसलर गेला तर काय करायचं

पहिलं काम म्हणजे बातमी खरी आहे का ते बघायचं. हसू नका, शाळेत असताना अंडरटेकर किती वेळा मेला होता आठवा. आणि रेसलिंगमध्ये तर हे जास्तच अवघड, कारण तिथे माणूस शोमध्ये मरतो आणि परतही येतो. WWE (रेसलिंगची मोठी अमेरिकन कंपनी) मधला रेसलर ब्रे वायट, त्याला डिसेंबर 2020 मध्ये रँडी ऑर्टनने रिंगमध्ये पेटवून दिलेलं दाखवलं, मार्चमध्ये साहेब जळका मास्क घालून हजर. म्हणून 24 ऑगस्ट 2023 ला (आपल्याकडे 25 ची पहाट) तो गेल्याची बातमी आली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं ही पण स्टोरीच असणार. पण कंपनीतला वरचा साहेब ट्रिपल एच, त्याने स्वतः ट्विट केलं होतं, ब्रेच्या वडिलांचा, माइक रोटुंडांचा फोन आला म्हणून. घरचे किंवा कंपनी बोलली की मगच खरं धरा, तोवर फॉरवर्ड करू नका. आणि "कशाने गेला" यावर डॉक्टरकी तर अजिबात नको, वय फक्त 36 होतं, घरी लहान पोरं होती.

मग मॅच लावा. सगळे फेमस मॅचच लावतात पण माझं ऐकाल तर त्या माणसाची खरी ताकद कशात होती ते बघा. ब्रेची ताकद बोलण्यात होती, त्यामुळे आधी कंदील घेऊन खुर्चीत बसून बोलायचा ते जुने प्रोमो, मग एलिमिनेशन चेंबर 2014 या शोमधली, शील्ड नावाच्या तिघांच्या टोळीविरुद्धची मॅच (लोक मॅच सुरू व्हायच्या आधीच ओरडत होते), आणि शेवटी रेसलमेनिया 36 या शोचं जॉन सीनासोबतचं फायरफ्लाय फन हाऊस, ज्याला मॅच म्हणायचं की काय ते अजून कुणाला कळलेलं नाही. एकट्याने बघू नका, लहानपणी ज्याच्याशी ट्रम्प कार्ड खेळायचात त्याला फोन लावा, दहा वर्षं बोलला नसाल तरी लावा.

दहा घंटा हा रेसलिंगचा मानाचा निरोप. रिंगची बेल सावकाश दहा वेळा वाजते, सगळे उभे, कुणी बोलत नाही, दहावी झाली की टाळ्या आणि नावाचा गजर. घरी करायचं तर तसंच करा, मोबाईलवर बेल लावली तरी चालते. ब्रेसाठी दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या स्मॅकडाऊन शोला दहा घंटा झाल्या, ब्रेच्या आदल्याच दिवशी जुना रेसलर टेरी फंकही गेला होता, दोघांसाठी मिळून. आणि लोकांनी मोबाईलचे टॉर्च लावले, ब्रे जिवंत असताना त्याच्या एन्ट्रीला लावायचे तसेच, काजवे म्हणायचे त्याला. आपल्याकडे तो शो शनिवारी पहाटे साडेपाचला होता, घरी टॉर्च लावायचे तर पडदे ओढून घ्यायचे.

"अरे ते सगळं फेक असतं, त्यात काय रडायचं" असं म्हणणारा एक जण घरात असतोच. वाद घालू नका. फारच झालं तर रेसलर एडी गरेरोचं सांगा, 2005 मध्ये 38 व्या वर्षी हार्टने गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या रॉ या शोमध्ये धिप्पाड रेसलर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले, त्यांना कुणी स्क्रिप्ट दिलेली नव्हती.

पण लांबलचक स्तुती लिहायच्या आधी एक दिवस थांबा. जून 2007 ला क्रिस बेन्वासाठी कंपनीने तीन तासांचा श्रद्धांजली शो केला आणि तो चालू असतानाच बाहेर यायला लागलं की त्यानेच बायकोला आणि मुलाला मारून आत्महत्या केली होती. दुसऱ्या दिवशीपासून त्याचं नावच बंद.

टी-शर्ट घ्यायचाच असेल तर पैसे घरच्यांना जातात तोच घ्या, ब्रोडी ली हा रेसलर गेला तेव्हा तसा निघाला होता. फुटपाथवरच्या कॉपीने पोरांना काही मिळत नाही.

आणि पुढे कंपनी त्या मरणाचीच स्टोरी करेल, याची तयारी ठेवा. एडी गेल्यावर काही महिन्यांतच ऑर्टनच्या तोंडी तो नरकात आहे असं वाक्य दिलं, ते मला आजही पटत नाही. उलट जून 2024 ला ब्रेचा सख्खा भाऊ बो डॅलस अंकल हाउडी हे पात्र बनून वायट सिक्स नावाची टोळी घेऊन आला ते मात्र मी दोनदा बघितलं. तुम्हाला नाही बघवलं तर चॅनल बदला, तेवढ्याने फॅनपणा कमी होत नाही.