निवृत्त रणगाडा-जवानाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात
घरात चिलखती दलातून निवृत्त झालेले आजोबा असतील, तर त्यांच्या आठवणी टिपताना थेट लढाईला हात घालू नये. सुरुवात अहिल्यानगरच्या, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरच्या, प्रशिक्षणापासून करावी. टी-५५ या रणगाड्यात कमांडर, गनर, लोडर आणि चालक असे चौघे असत, तर टी-७२ ची तोफ यंत्राने भरली जात असल्यामुळे त्या रणगाड्यात तिघेच. म्हणून रणगाडा कोणता आणि त्यांची जागा कोणती, हे आधी विचारून घ्यावे. ते लोडर असतील, तर गोळा कसा भरत हे हातानेच दाखवायला सांगावे, कारण बोटे तोफेच्या ब्रीचमध्ये, म्हणजे गोळा भरण्याच्या मागच्या तोंडात, सापडू नयेत म्हणून वळलेल्या मुठीने गोळा ढकलण्याची सवय हात सहसा विसरत नाहीत.

१९७१ च्या राजस्थान आघाडीविषयी बोलताना शौर्यकथेची आपली हौस आवरून वाळूबद्दल विचारावे: एअर फिल्टर किती वेळा साफ करावा लागे, रणगाड्याचे ट्रॅक (पट्टे) वाळूत रुतल्यावर काय करत, पाणी किती मिळे. तारखा मागाहून ताडाव्यात. उदाहरणार्थ, याच आघाडीवरची लोंगेवालाची लढाई ४-५ डिसेंबरच्या रात्री सुरू झाली.

युद्धानंतरचे प्रश्न, म्हणजे कानातली शिट्टी, तुटलेली झोप, न परतलेले सोबती, वेगळ्या दिवशी घ्यावेत; ते गप्प झाले, तर रेकॉर्डर बंद करून चहा ठेवावा.