साथीच्या दिवसांत गरोदर बाईला धीर द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

'टेन्शन घेऊ नकोस, बाळावर परिणाम होतो.' कोविडच्या काळात हे वाक्य गरोदर बायकांनी दिवसातून दहादा ऐकलं. त्याने भीती काही जात नाही, उलट तिच्या जोडीला अपराधीपणा येतो आणि बाई बोलायचीच बंद होते. आशाताई असोत की सासूबाई, आधी तिला भीती नेमकी कशाची वाटते ते विचारा.

उत्तरं बहुतेक वेळा अगदी व्यवहारातली असतात. कळा रात्री सुरू झाल्या तर गाडी कोण आणणार? तपासणी पॉझिटिव्ह आली तर दवाखाना दाखल करून घेईल का? बाळाला माझ्यापासून लांब ठेवतील का? २०२० मध्ये त्यात आणखी एक भर पडली. पहिलं बाळंतपण माहेरी ठरलेलं, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास. आई येणार नाही हे दुःख गाडीच्या प्रश्नाइतकंच मोठं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही.

यातल्या ज्या गोष्टींची सोय आधी करता येते ती कागदावर लावा. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पिशवीत एक पान ठेवा. त्यावर प्रसूतीची अंदाजे तारीख, रक्तगट, दोन दवाखाने (दुसरा असा की पॉझिटिव्ह बाईलाही दाखल करून घेतो, आणि हे फोन करून आधी विचारलेलं हवं), दोन गाडीवाल्यांचे नंबर, १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर, सोबत कोण जाणार, मोठं मूल कुणाकडे राहणार. दोन गाडीवाले कशासाठी? कारण ऐनवेळी पहिलाच क्वारंटाइन निघतो. पान तिच्याच हाताने लिहून घ्या, नवऱ्याने भरून फ्रीजवर चिकटवलं तर ती वाचतही नाही. बाळाविषयी मात्र स्पष्ट सांगा: कोविडमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ ठेवण्याचा आणि अंगावर पाजण्याचाच होता. साथ वेगळी असेल तर नियमही वेगळा असू शकतो, तेव्हा तो डॉक्टरांना विचारून मगच सांगा.

भेटी बंद असतील तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन. पहिला प्रश्न नेहमी हाच: 'ताई, आत्ता बोलायला मोकळ्या आहात का? फोन स्पीकरवर नाही ना?' एका खोलीच्या घरात सासू समोर बसलेली असताना 'कसं चाललंय?' विचारलं तर 'बरं चाललंय' हेच उत्तर येणार. अशा वेळी हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. घरात मारहाण होत असेल तर ती लोहाच्या गोळ्यांचं विचारेल, अशी एखादी खूण आधीच ठरवून ठेवा. १८१ ही महिला हेल्पलाइन तिला तोंडपाठ असू द्या, कारण फोन तपासला जातो.

मग दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात, बोलण्यात, आवडीच्या गोष्टीत मन लागेनासं झालंय का? उदास, हताश वाटतंय का? प्रत्येकाला ० ते ३ गुण: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर आरोग्य केंद्रात पुढची तपासणी करून घ्या. हे निदान नव्हे, फक्त चाळणी. 'उदास' हा शब्द बायका क्वचितच वापरतात. 'जिवाला घोर लागलाय', 'छातीत धडधडतं', 'हातपाय गळाल्यासारखे होतात' असं म्हणतात. तेही लिहून ठेवा. थकवा आणि अपुरी झोप यांवरून मात्र घाईने काही ठरवू नका, ती गरोदरपणातही असतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली आहे का आणि थायरॉइड ठीक आहे का, हे आधी पाहा. साथीत चुकलेली तपासणी पुढे सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांसाठी होणाऱ्या शिबिरात भरून काढता येते.

'जगू नये असं वाटतं का?' हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर तिला एकटी सोडू नका, घरातली औषधं-कीटकनाशकं उचला, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू असतील तर दिवस गेल्याचं कळताच घरचे त्या बंद करतात. असं परस्पर करू नका, आजार उलटतो. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं गरोदरपणात नकोत हे खरं, पण म्हणूनच ती बदलायचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, तोही लगेच.

रोजचं थोडं: बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, रात्री आठनंतर व्हॉट्सअॅप नाही. धडधड वाढली की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाळाची हालचाल कमी वाटली तर मात्र 'मनाचे खेळ' म्हणू नका, आणि श्वासाचा व्यायामही सांगत बसू नका. थेट दवाखाना.

गोव्यात गरोदर बायकांना असा धीर देण्यासाठी गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं होतं. त्यांना सखी म्हणत. पदवी लागत नाही, नियमितपणा लागतो. म्हणून बाळंतपण झालं की फोन थांबवू नका. पहिल्या दोन आठवड्यांत बाळंतीण रात्र-रात्र जागूनही थकत नसेल, असंबद्ध बोलत असेल, बाळाबद्दल भलताच संशय घेत असेल तर ते 'बाहेरचं' नाही. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग गाठा.