उथळ तुकड्याने दिलेली हुलकावणी

ओरल सर्जरीच्या पहिल्या वर्षी मी घेतलेली एक बायॉप्सी (तपासणीसाठी काढलेला तुकडा) अजून सलते. चाळिशीतल्या ताई, रोज मिश्री लावणाऱ्या. जिभेच्या कडेला वाटाण्याएवढी पिवळसर गाठ. दुखत नव्हती, वर जखम नव्हती, पण बोटाला टणक लागायची. मी वरवरचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा काढला आणि फॉर्मवर एवढंच लिहिलं, 'जिभेवर गाठ, कॅन्सर?'

रिपोर्टवर सही करण्याआधी पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "वरचं अस्तर (एपिथेलियम) बघ कसं मुळ्यांसारखं खाली उतरलंय. कॅन्सर वाटावा असंच आहे. पण पेशी फारशा बिघडलेल्या नाहीत, आणि त्याच्या खाली काय आहे ते तू आणलंच नाहीस."

दुसऱ्यांदा तुकडा घेताना मी स्नायूपर्यंत गेले. या वेळी एपिथेलियमखाली मोठमोठ्या, फिकट गुलाबी, बारीक दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसल्या. एस-100 हे श्वान (Schwann) पेशींसारख्या पेशी ओळखायला मदत करणारं प्रथिन, तेही पॉझिटिव्ह आलं. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर! 1926 साली अब्रिकोसॉफ यांनी वर्णन केलेली, मज्जातंतूंभोवतीच्या या श्वान पेशींतून उगवणारी ही गाठ तोंडात सर्वांत जास्त जिभेवरच होते, आणि बहुतेक वेळा साधी असते. मात्र तिच्यावरचं एपिथेलियम कॅन्सरची हुबेहूब नक्कल करू शकतं. उथळ तुकड्यावर विसंबलो असतो तर त्या बाईची अर्धी जीभ विनाकारण गेली असती.

म्हणून नव्याने आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की फॉर्म मन लावून भरा. गाठ किती दिवसांची, कुठे, किती मोठी, तंबाखू-मिश्री किती वर्षं, हे वाचूनच पॅथॉलॉजिस्ट विचार करतात. तुकडा लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) टाका, सलाइनमध्ये नको. (बाटलीत तुकडा तरंगू लागला तर लायपोमा, म्हणजे चरबीची गाठ, असू शकतो.) गाठ निळसर किंवा ठसठसणारी असेल तर मात्र सुरी लावण्याआधी सुई घालून पाहा, सिरिंजमध्ये रक्त आलं तर थांबा आणि सीनियरना बोलवा.

ताईंची गाठ थोड्या निरोगी कडेसकट काढली, चार टाके पडले. कॅन्सर नाही म्हटल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. अंगावर आणखी कुठे गाठ आहे का, हे मात्र मी पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. काहींना त्वचेवरही अशा गाठी असतात. आता तो प्रश्न केसपेपरवर मी आधीच लिहून ठेवते.