आपली त्वचा नेमकी कोणत्या प्रकारची?

सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टॉवेलने हलकेच टिपा आणि तासभर काहीही लावू नका. मग आरशासमोर उभे राहा. चेहरा ओढल्यासारखा वाटला, कुठे पापुद्रे दिसले तर त्वचा कोरडी. सगळीकडे चमक आली तर तेलकट. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीच चमकत असेल तर मिश्र. आग किंवा खाज होत असेल तर संवेदनशील, आणि ती कोरडी किंवा तेलकटही असू शकते.

सगळ्यात जास्त गोंधळ तेलकट त्वचेचा होतो. तेल दिसलं की माणूस दिवसातून पाच वेळा साबण लावतो आणि मॉइश्चरायझर बंद करतो. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे! तेलकट त्वचेतही पाणी कमी असू शकतं. मग ती वरून चमकते आणि आतून ताणते. दिवसातून दोनदा धुणं पुरे. त्यानंतर जेलसारखं हलकं, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं मॉइश्चरायझर लावा.

कोरड्या त्वचेला कढत पाणी नको. अंग ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड (त्वचेतला ओलावा टिकवणारा स्निग्ध घटक) असलेलं दाट क्रीम लावा. मिश्र त्वचेला दोन क्रीम वापरायला हरकत नाही, चमकणाऱ्या भागाला हलकं आणि बाकी चेहऱ्याला दाट; थोडा कुटाणा आहे खरा. संवेदनशील असेल तर सुगंधी उत्पादनं टाळा. नवीन काहीही आधी काही दिवस हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा.

सनस्क्रीन मात्र सगळ्यांनाच: एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं ते सांगणारा आकडा) ३० किंवा जास्त, उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा. ऋतू बदलला की आरशासमोरची ही परीक्षा पुन्हा घ्या.